पेद्रूमामाचा थरांचा बटाटा

खांदेश्वरला माझ्या नातीच्या घरी भिंतीत बसवलेला ओव्हन आहे. बटण दाबलं की आत दिवा लागतो, आकडे फिरतात आणि काम झालं की शिट्टी वाजते. मी जरा जवळ गेले की ती ओरडते, "आजी, तू हात लावू नको गं, मला टेन्शन येतं." हात लावू नको म्हणे! अगं बाई, तुझी आई जन्माला यायच्या आधीपासून मी ओव्हन पेटवत होते, तोही लाकूड-कोळशाचा. माझ्या मनगटावर अजून दोन डाग आहेत, त्याच्या दाराचे. पण हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, लिहून काढ ना." तर घ्या, काढलं लिहून. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं.

मी घणसोलीची. माहेर तिथलंच, सासर तिथलंच, तीन घरं सोडून. आम्ही आगरी. पावसाळ्यात भात, मग मिठागर, आणि बाकीच्या वेळी खाडी देईल ते. साठ-पासष्टच्या सुमाराला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला कारखाने उभे राहायला लागले. त्यातल्या एकाचं गेस्ट हाऊस महापेच्या बाजूला, आमच्या शेतांच्या पलीकडे होतं. नवरा त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागला होता. तो एक दिवस येऊन म्हणाला, "गेस्ट हाऊसला भांडी घासायला बाई पायजे. जातेस?" मी म्हटलं, "जाते की. इथं तरी काय तुझ्या आईची भांडी घासतेच हाय." सासू ओटीवर बसून ऐकत होती. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.

गेस्ट हाऊसचं स्वयंपाकघर म्हणजे पेद्रूमामाचं राज्य. पेद्रूमामा गोव्याचा, साठीला टेकलेला, बुटका, पांढरा एप्रन आणि पायात कायम मोजे. तरुणपणी बोटीवर कुक होता. मला तो "बाय" म्हणायचा आणि दिवसातून दहा वेळा माझ्यावर खेकसायचा. पहिल्या दिवशी मी काळ्या तव्यावर राख घासून तो लख्ख केला, तर हा डोक्याला हात लावून खालीच बसला. "बाय गो, हें कितें केलें? दहा वर्सांचा तेलाचा हात गेला मगो!" तेल पिऊन काळा झालेल्या तव्यालाच काही चिकटत नाही, हे मला कुठे ठाऊक? मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

तिथलं काम बाहेरच्यांना वाटतं तसं नव्हतं. पाहुणे कधी दोन, कधी बारा. कोण कधी येणार ते ऑफिसला सकाळी कळायचं आणि आम्हाला दुपारी. एक परदेशी इंजिनियर होता, यंत्र बसवायला आलेला. त्याच्यासाठी मामा सूप, रोस्ट, पुडिंग असं सगळं मांडायचा. एक दिवस मी मागच्या पायरीवर तांदळाची भाकरी आणि सुकट खात बसले होते, तो वासाचा माग काढत आला आणि समोर उकिडवा बसला. मी अर्धी भाकरी दिली. दुसऱ्या दिवसापासून रोस्टला हातच लावीना. पायरीवर येऊन हात पसरायचा. मामा महिनाभर माझ्याशी फुरंगटून होता. जाताना त्या साहेबाने सुकटाचं पुडकं बॅगेत घातलं. त्याच्या विमानात काय झालं असेल देव जाणे!

पण सांगायचंय ते थरांच्या बटाट्याबद्दल.

साधी गोष्ट आहे. बटाटे सोलायचे, पातळ चकत्या करायच्या. चिनी मातीच्या खोलगट भांड्याला लोणी लावायचं. चकत्यांचा एक थर, त्यावर मीठ-मिरपूड, थोडा कांदा, पुन्हा चकत्या, असं करत भांडं भरायचं. वरून गरम दूध ओतायचं, डब्यातलं चीज किसून घालायचं आणि ओव्हनमध्ये सव्वा तास. एवढंच. ना फोडणी, ना वाटण. बाहेर आलं की वर सोनेरी साय, आणि सुरी घातली की थर न मोडता वडीसारखा तुकडा निघतो. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला वाटलं, याला काय चव आहे? दुसऱ्यांदा खाल्लं आणि तिसऱ्यांदा मागून घेतलं.

ओव्हन म्हणजे लोखंडी चुलाण, त्याच्या पोटात खण. आकडेबिकडे काही नाहीत. ताप कळायला आत कागदाचा तुकडा टाकायचा. लगेच काळा झाला तर ताप जास्त, पिवळाच राहिला तर कमी. सावकाश बदामी झाला की बटाटा आत. हे मामाने मला शिकवलं नाही, मी बघून उचललं. शिकवायची त्याला सवयच नव्हती. चकत्या तर तो कुणाला करूच द्यायचा नाही. सुरी त्याची, पाट त्याचा, आणि पाठ माझ्याकडे.

मला कामाला लागून दोन वर्षं झाली असतील. मामाला मोठा ताप आला. पंधरा दिवस पडून होता, मग उठला, कामावर आला, पण त्याचं काहीतरी बिनसलं होतं. एक दिवस सूप चाखून म्हणाला, "फर्स्ट क्लास." मी वाढायला घेताना बोटाला लागलं ते चाटलं. त्यात मीठच नव्हतं. मला वाटलं विसरला असेल. दोन दिवसांनी दूध नासलं होतं, भांडं उघडताच मला ओकारी आली, आणि मामा तेच दूध पुडिंगमध्ये ओतायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. त्याने भांडं नाकाशी नेलं, हुंगलं आणि नुसती मान हलवली. तापाने त्याचं नाकही गेलं होतं आणि जीभही.

मामाने फडताळातून एक लहान चमचा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "बाय, मिठाचें पळय." मीठ तू बघत जा, बस. त्या दिवसापासून तो शिजवायचा, मी चाखायचे. मी म्हणायचे "येक चिमट", तो घालायचा. मी म्हणायचे "आंबट पायजे", तो लिंबू पिळायचा. बाहेर कुणाला पत्ता नाही.

पत्ता लागू द्यायचाच नव्हता. त्याच्या धाकट्या मुलीचं, मारियाचं लग्न ठरलं होतं, पुढच्या वर्षी. थोरल्या दोघींना उजवून हा पार रिकामा झाला होता. ही नोकरी गेली तर साठीच्या म्हाताऱ्याला, तेही जीभ गेलेल्या कुकला, कोण दारात उभं करणार होतं? मारियाचा फोटो त्याने मिठाच्या बरणीमागे चिकटवला होता. मला तो रोज दिसायचा.

इथे एक गोष्ट कबूल करते. एकदा आमचं भांडण झालं. मी बशी फोडली म्हणून तो सगळ्यांसमोर मला "रानटी" म्हणाला. मला असा राग आला, असा राग आला! संध्याकाळी त्याने विचारलं, "बाय, मीठ?" कढईत मिठागर ओतल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "बरोबर हाय." ताटं तशीच परत आली. मामाने बोलणी खाल्ली आणि मला एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चमचा पुन्हा माझ्या हातात दिला. मी ते त्याला कधी सांगितलं नाही. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मग माझ्या भावाचं लग्न आलं. आमच्यात हळद म्हणजे काय ते सांगायला नको, नवऱ्यामुलाची सख्खी बहीण नसेल तर हळद लागतच नाही. मी चार दिवसांची रजा घेतली. त्या चार दिवसांत गेस्ट हाऊसला दोन मोठी जेवणं होती, आणि दोन्ही बिघडली. एकदा माशात मिठाच्या जागी साखर पडली, एकदा भात करपला तरी वास कळला नाही.

परत आले तर मॅनेजर देवधर साहेब स्वयंपाकघरात उभे. पुण्याचे, शांत माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे आणखीनच भीती वाटायची. म्हणाले, "पेद्रू, रविवारी मुंबईहून मोठे साहेब येतायत. त्यांना तुझा तो बटाटा आवडतो. तो तरी नीट कर. नाहीतर मुंबईच्या हॉटेलातला एक माणूस मी बघून ठेवलाय, सोमवारी तो येईल." आणि माझ्याकडे न बघता गेले.

रविवार उजाडला. मी सहालाच पोचले. मामा माझ्याही आधी आलेला, सुरीला धार लावून बसलेला. आठच्या सुमाराला उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवताना फडकं निसटलं आणि सगळं पाणी त्याच्या उजव्या हातावर! मी कोरफड लावली, कापडाने हात बांधला. बोटं टम्म सुजली. सुरी धरणं शक्यच नव्हतं.

"बाय," तो म्हणाला, "चकत्यो तूं कर."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माणसाचा हात भाजलाय आणि मी मनात नाचतेय. पातळ, एकसारख्या, पिंपळपानासारख्या चकत्या केल्या. मामा ओव्हन बघायला वळला होता, आणि मी त्या चकत्या धुतल्या. तीनदा. खळखळून. पाणी नितळ होईपर्यंत.

का धुतल्या? अहो, मी भाताच्या घरची. तांदूळ तीन पाण्यांतून काढल्याशिवाय चुलीवर गेलेला मी जन्मात बघितला नाही. पांढरं पाणी म्हणजे घाण, एवढंच डोक्यात. आणि बटाटा चिरला की पाण्यात टाकायचा, नाहीतर काळा पडतो, हे आमच्याकडे पोरीपोरींना माहीत. स्वच्छ पांढऱ्याशुभ्र चकत्या मी थरावर थर लावल्या, दूध ओतलं, कागद टाकून ताप बघितला आणि भांडं आत ढकललं. मोठी ऐट होती माझी!

तासाभराने मामाने डाव्या हाताने दार उघडलं. आतल्या भांड्यात दूध हलत होतं. चकत्या पाण्यातल्या बदकांसारख्या तरंगत होत्या. साय नाही, थर नाही, काही नाही.

"बाय गो," मामाने एक चकती उचलून बघितली, "तुवें धुयल्यो?"

"धुतल्या! मंग काय तशाच घालू?"

"आख्खो बटाटो धुवपाचो. चिरल्यार धुवपाचो ना! ताचें पीठ गेलें. पिठाविना दूध कशें घट जातलें?"

मला पहिल्यांदा कळलं की त्या पांढऱ्या पाण्यातच सगळी करामत होती. बटाट्याचं पीठ दुधात उतरतं, दूध दाटतं, थर एकमेकांना धरतात. मामा चकत्या कधी धुवायचा नाही आणि पाठ करून चिरायचा, म्हणून मी ते कधी बघितलंच नव्हतं. दुसरे बटाटे नव्हते, मैद्याचा डबाही रिकामा होता. ठाण्याला जाऊन यायला वेळ नव्हता. गाड्या फाटकात शिरल्याचा हॉर्न ऐकू आला.

मामा स्टुलावर बसला. बरणीमागच्या फोटोकडे बघत राहिला. मला रडू फुटलं. मी हुंदके देत म्हटलं, "मामा, मी सांगते सायबाला, मी केलं म्हणून, माझं चुकलं." तो म्हणाला, "तूं सांगून कितें? कुक हांव."

रडायला कोपरा हवा म्हणून मी मागच्या दारी गेले. तिथे बादली होती. आता हे ऐका. आमच्याकडे गोड्या पाण्याचा कायम दुष्काळ. खाडीचं पाणी दारात, पण प्यायचं पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. त्यामुळे आमच्या बायकांना पाणी फेकवतच नाही. तांदळाचं, भाजीचं, बटाट्याचं धुवण सगळं एका बादलीत साठवायचं आणि दुपारी केळीला घालायचं. गेस्ट हाऊसला नळ होता, तरी माझी खोड गेली नव्हती. मामा त्यावरूनही चिडवायचा.

बादलीतलं पाणी वर नितळ झालं होतं आणि तळाला पांढरा थर बसला होता. मी बोट घातलं. घट्ट, मऊ, गुळगुळीत. अगं बया! हे तर नाचणीचं सत्त्व! म्हणजे नाचणीचं नव्हे, पण तसंच. तान्ह्या पोरासाठी नाचणी भिजवून, वाटून, गाळून ठेवतो, वरचं पाणी टाकतो आणि तळाचं घेतो, तसंच हे बसलं होतं. बटाट्याचं पीठ कुठे गेलं नव्हतं. माझ्या बादलीतच होतं.

मी ओरडले, "मामा, हाय! पीठ हाय!"

तो बांधलेला हात पोटाशी धरून धावत आला. मी हळूच वरचं पाणी केळीत ओतलं. तळाचं खरवडलं, वाटीभर निघालं. थंड दुधात कालवलं. मामाने डाव्या हाताने भांडं तिरपं धरलं, मी पळीने आतलं पातळ दूध कढईत काढलं, चुलीवर ठेवलं आणि त्यात कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहिले. दोन मिनिटं काहीच नाही. मग पळी जड झाली. बघता बघता दूध पेजेसारखं दाटलं.

"मीठ?" मामाने विचारलं.

मी चाखलं. "येक चिमट. आनि मिरी."

त्याने घातलं. दाट दूध चकत्यांवर सोडलं, भांडं आपटून खालपर्यंत पोचवलं, वर चीज, आणि पुन्हा आत. मामाने ओव्हनच्या दाराशी क्रूस काढला आणि मी गावदेवीला नारळ बोलले. बिचाऱ्या त्या बटाट्याच्या मागे दोन दोन देव लागले होते.

वीस मिनिटांनी दार उघडलं तर वर सोनेरी साय, कडेला तपकिरी बुडबुडे. मी सुरी घातली. तुकडा उभा राहिला. थरन् थर मोजून घ्यावा असा.

भांडं बाहेर गेलं. आम्ही दोघं दाराआड उभे. चमच्यांचा आवाज येत होता, बोलणं येत नव्हतं. मग भांडं परत आलं. एका कोपऱ्यात अर्ध्या हाताएवढा तुकडा उरला होता, बाकी साफ. आणि भांड्यामागून मोठे साहेब, त्यांच्यामागून देवधर साहेब, दोघंही स्वयंपाकघरात.

मोठे साहेब ढेरीवर हात फिरवत म्हणाले, "पेद्रू, वा! इतका सुरेख यापूर्वी कधी झाला नव्हता. काय केलंस आज?"

मामाने नुसतं "थँक्यू सायेब" म्हटलं असतं तर सगळं मिटलं होतं. सोमवारचा माणूस सोमवारी आला नसता. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण थँक्यू. पण मामाने बांधलेला हात वर केला. "सायेब, आज हात ह्या बायचो." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आनी वर्सभर जीबय हिचीच. ताप आयलो तेन्ना म्हजो वास गेलो, रूच गेली. हांव रांदतां, ही चाखता. आज हिणें सगळें केलें. तुमी मनीस बदलतात जाल्यार हिका कुक करात. भायलो मनीस हाडूं नाकात."

बाहेरचा माणूस आणू नका, हिलाच कुक करा म्हणे! मारियाचं लग्न तोंडावर आणि हा म्हातारा माझ्यासाठी स्वतःच्याच नोकरीवर पाणी सोडून मोकळा!

देवधर साहेब पुढे आले. कपाळाला आठ्या. म्हणाले, "एक वर्ष? आणि मी समजत होतो तू प्यायला लागलायस." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यमुनाबाई, ती दोन जेवणं बिघडली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"भावाची हळद होती, सायेब."

देवधर साहेबांच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. मोठ्या साहेबांकडे वळून म्हणाले, "मग मुंबईचा माणूस कशाला? हाच शिजवेल, ह्याच चाखतील. त्याने ह्यांना सगळं शिकवायचं, तो निवृत्त होईपर्यंत. फक्त एक नियम करू. बाईंच्या घरी हळद असेल त्या आठवड्यात इथे कुणाला जेवायला बोलवायचं नाही." मोठे साहेब असे हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

ते गेल्यावर मी मामावर तुटून पडले. "कशाला सांगितलंत? येडे झालात काय? पोरीचं लगीन विसरलात?" तो म्हणाला, "बाय, त्या बटाट्याक हांवें हात लावूंक ना. थँक्यू कशें घेवं?" मग लहान पोरासारखा रडायला लागला आणि रडतारडता हसायला. मीपण.

मारियाचं लग्न झालं. मी गेले होते, बायकांत बसून फेणीचा वास घेऊन आले. मामा आणखी दोन वर्षं राहिला. चिरताना आता पाठ करायचा नाही, तोंड माझ्याकडे करून चिरायचा, आणि चुकले की खेकसायचा तो खेकसायचाच. पुढे सव्वीस वर्षं ते स्वयंपाकघर मी चालवलं. पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं.

साहेबांच्या गाड्या गेल्या. आम्हाला भुकेची आठवण झाली. भांड्यातला उरलेला तुकडा मी दोन बशांत घेतला. मामाने घास तोंडात घातला, चावला आणि माझ्याकडे बघितलं. वर्षभर मी त्याला फक्त मीठ जास्त, मीठ कमी, आंबट पाहिजे, एवढंच सांगत आले होते. त्यापुढे त्याने कधी विचारलं नव्हतं. आज म्हणाला, "बाय, कशें लागता तें सांग."

मी बशी खाली ठेवली आणि सांगायला लागले. वरची साय कशी आधी कुरकुरते, मग खारट लागते. खालचा बटाटा कसा चावावा लागत नाही, आपणच विरतो. दूध गोड लागतं, म्हशीचं आहे म्हणून. कांदा कळतच नाही, पण नसता तर कळलं असतं. मिरी सगळ्यात शेवटी येते, घशाशी, आणि तिथेच थोडा वेळ बसते. मामा डोळे मिटून सावकाश चावत होता. मी थांबले की हाताने खूण करायचा, अजून सांग. त्याची बशी संपेपर्यंत मी सांगत राहिले. मग त्याने डोळे उघडले, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बरो जाला गो. खूब बरो जाला."